जितके विषय, तितक्या सहली

दिवाळीची सुटी संपली की शाळांमध्ये सहलीचे वारे वाहू लागतात. ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. एखादा वॉटर पार्क, दौलताबाद, वेरूळ, नाहीतर थेट महाबळेश्वर. गाडी मध्यरात्री निघते, मुले एकमेकांच्या खांद्यावर झोपतात, उतरल्यावर फोटो काढतात आणि दुसऱ्या रात्री दमून घरी येतात. सोमवारी वर्गात विचारावे, 'काय पाहिले?' तर उत्तर मिळते, 'गाडीत लई मजा आली.' मजा यायलाच हवी, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या पाठासाठी सहल काढली असे कागदावर लिहिलेले असते, तो पाठ पुस्तकातच राहून जातो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. अशा सहलीचा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात जातो आणि मुक्काम बाहेरगावी असतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घरातले मूल आपोआप मागे राहते. आपल्या घरांत तर पैसे असले तरी मुलीच्या चिठ्ठीवर 'नाही' असे लिहून येते. भाऊ जातो, बहीण राहते. पाचवीपासून दहावीपर्यंत एकदाही शाळेबरोबर गावाबाहेर न गेलेल्या मुली आमच्या वर्गांत बसलेल्या असतात. त्यांनाही भूगोलाचा तोच पेपर द्यायचा असतो. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. तो त्यांनी बाकावर बसून पाठ केलेला असतो.

यावर एक साधा उपाय आहे. सहल लांबची आणि वर्षातून एकदा न काढता जवळची आणि विषयवार काढावी. आपल्या वाशिम जिल्ह्यात प्रत्येक विषयासाठी एक तरी ठिकाण आहे आणि बहुतेक ठिकाणांहून मगरिबच्या आत घरी परतता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचवले आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून मुलांनी शिकावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही. आता विषयवार पाहू.

इतिहास

अजिंठ्याला गेलेली मुले सोळाव्या लेण्यासमोर उभी राहतात, पण ते लेणे खोदवणाऱ्या वराहदेवाचा राजा कुठे राज्य करत होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि हरिषेणाची शाखा वत्सगुल्मची. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम. म्हणून अजिंठ्याची सहल वाशिमपासून सुरू व्हायला हवी. १९३९ साली वाशिममध्येच वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यातला सुरुवातीचा वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि पुढचा दानाचा भाग प्राकृतात. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी बोलणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट चटकन समजते. मानाची भाषा वेगळी आणि व्यवहाराची वेगळी, हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलेच आहे.

त्यानंतर हजार-अकराशे वर्षांनी अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची नोंद केली. त्यात 'बासिम' नावाचे सरकार आहे. तेही आपलेच गाव. इंग्रजी अमलात वाशिम जिल्ह्याचे ठिकाण होते, १९०५ साली तो जिल्हा मोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन पुन्हा जिल्हा झाला. एका गावाची ही कालरेषा मुलांनी वर्गाच्या भिंतीवर काढावी आणि मग गावात फिरून प्रत्येक काळाची एक तरी खूण शोधावी.

कारंजाची सहल याहून सोपी. जुन्या गावाच्या वेशींची नावे वाचली तरी धडा होतो. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ज्या दिशेला रस्ता जातो त्या गावाचे नाव वेशीला. त्या काळची ती रस्त्यावरची पाटीच म्हणा. मुलांना विचारावे, कारंजासारख्या व्यापारी गावाला दिल्लीचे नाव का लागले असेल?

त्याच गावात शकुंतला रेल्वेचे स्थानक आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर पोहोचवण्यासाठी इंग्रजी कंपनीने घातली. कापूस मुंबईला जायचा आणि तिथून जहाजाने मँचेस्टरला. याच मार्गावर १९९४ पर्यंत जे वाफेचे इंजिन धावले, तेही १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेले होते. कच्चा माल इकडून तिकडे आणि तयार यंत्र तिकडून इकडे. वसाहतवाद म्हणजे काय, हे परिच्छेद घोकून जितके कळत नाही तितके त्या स्थानकावर उभे राहून कळते. आता गाडी बंद आहे. जिथे रूळ शिल्लक आहेत तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली टेप लावून मोजावे. दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर भरते. ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर असते. पण वाशिमचा मार्ग चालू आहे, तिथे फलाटावरूनच पाहायचे, रुळांवर उतरायचे नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगावे.

भूगोल

नकाशात वाशिम जिल्हा लहान दिसतो, पण त्याच्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. काटेपूर्णा आपल्या जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडे पैनगंगा आहे. ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेबरोबर प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. मालेगावच्या परिसरातल्या डोंगररांगेवर मुलांना नेऊन उभे करावे आणि विचारावे, 'इथे बाटलीतले पाणी सांडले तर ते कुठे जाईल?' जलविभाजक हा शब्द मग कधी विसरला जात नाही.

लहान मुलांसाठी याहून जवळचा प्रश्न आहे. आपल्या नळाचे पाणी कुठून येते? वाशिम शहराला एकबुर्जी धरणातून येते. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून जाते. धरणाची भिंत, सांडवा, पाण्याची पातळी दाखवणारे आकडे हे लांबून पाहूनही समजते. पाऊस कमी झालेल्या वर्षी हीच सहल पुन्हा काढली तर मुले घरातला नळ वाया जाऊ देत नाहीत.

गणित

सोयाबीनच्या हंगामात कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार म्हणजे शेकडेवारीचे उघडे पुस्तक. मुलांनी मापाऱ्याला काटा वापरताना पाहावे, हर्रास ऐकावी आणि एखाद्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्याच्या परवानगीने वहीत उतरवून घ्यावी. हमाली किती, तोलाई किती, हातात किती आले, हे सगळे त्या पट्टीत असते.

खरे गणित मात्र ओलाव्यात आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारण १२ टक्क्यांपर्यंत धरतात. समजा एका शेतकऱ्याने १० क्विंटल माल आणला आणि यंत्राने १८ टक्के ओलावा दाखवला. माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन किती घटेल? बहुतेक मुले सांगतात, सहा टक्के, म्हणजे ६० किलो. ते चूक आहे. १००० किलोत कोरडा भाग ८२० किलो आहे. वाळल्यावर हा ८२० किलो एकूण वजनाच्या ८८ टक्के झाला पाहिजे. ८२० ला ०.८८ ने भागले तर सुमारे ९३२ किलो येतात. घट ६८ किलोंची झाली. हे आठ किलो ज्या मुलाच्या अब्बांच्या पोत्यातले आहेत, त्याला हा हिशेब दोनदा सांगावा लागत नाही.

दुसरी सहल तर मोहल्ल्यातच आहे. मशिदीच्या मिनाराची उंची किती? एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा. तिची सावली ८० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी मिनाराची सावली १४ मीटर भरली, तर १४ भागिले ०.८, म्हणजे उंची साडेसतरा मीटर. सावली मोजायची ती मिनाराच्या बरोबर मध्याखालून, भिंतीपासून नाही, नाहीतर उत्तर कमी येते. दहावीच्या मुलांनी हाच मिनार उन्नत कोनाने मोजावा आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. अकराव्या शतकात अल-बिरूनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची मोजली, तिथून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते पाहिले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या बरेच जवळ होते. त्याची रीतही त्रिकोणमितीचीच, फक्त मिनाराच्या जागी डोंगर होता, हे मुलांना जरूर सांगावे.

विज्ञान

शेताची सहल ऑगस्टमध्ये काढावी. सोयाबीनला फुले लागली की धन्याला विचारून एक रोप मुळासकट हळूच उपटावे. मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली आणि आत लालसर-गुलाबी दिसली तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला देत आहेत असे समजावे. आत पांढरट किंवा हिरवट असेल तर काम चालू नाही. या सहलीला एक रुपयाही लागत नाही, आणि ज्यांच्या घरी शेती आहे ती मुले त्या दिवशी शिक्षक होतात.

प्राणिजीवनासाठी कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. काळविटाची शिंगे आयुष्यभर राहतात, चितळाची दरवर्षी गळून नवी येतात, हा फरक गवताळ माळावर उभे राहून सांगितला की पक्का होतो. याच परिसराजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यावर वन्यप्राण्यांना ओलांडता यावे म्हणून वेगळे पूल आणि खालून वाटा ठेवल्या आहेत. त्या कशासाठी, हा प्रश्न मुलांवरच सोपवावा.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार रिसोड-मालेगावच्या शाळांना एका दिवसात जमण्यासारखे आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातले पाणी अल्कधर्मी, म्हणजे सामू ७ पेक्षा बराच वर. लाल लिटमस तिथे निळा होतो. वन विभागाच्या परवानगीने ही चाचणी करावी, दगड मात्र उचलून आणू नयेत. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

आणि जिथे कुठेच जाता येत नाही तिथे घराचे छत आहे. २० मेनंतर एक-दोन दिवसांत दुपारी वाशिममध्ये सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य आणखी उत्तरेला सरकतो आणि २७-२८ मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी सुमारे २ वाजून ४८ मिनिटांनी तो बरोबर काबागृहाच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी काठीच्या सावलीच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे रेघ ओढली की ती किब्ल्याची दिशा. वाशिमहून ती नेमकी पश्चिमेला न येता थोडी उत्तरेकडे झुकलेली येते. का, ते मुलांनी पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावे. या सहलीला आजीपासून धाकट्यापर्यंत सगळे घर येऊ शकते.

भाषा आणि नागरिकशास्त्र

उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी परकी वाटते आणि मराठी शाळेतल्या आपल्या मुलांना उर्दू. दोघांनाही एकदा तहसील कार्यालयात न्यावे. तहसील, तालुका, जिल्हा, अर्ज, दाखला, जमीन, मालक, हजर, वसुली हे शब्द वहीत लिहून घ्यायला सांगावे. बाजार समितीत दलाल, हमाल, हर्रास मिळतील. हे सगळे अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या घरात राहून मराठी झाले. ही यादी दोन्ही लिप्यांत लिहिली की मुलांची भीती निम्मी होते.

त्याच खेपेत सेतू केंद्रावर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कसा भरतात, कोणती कागदपत्रे लागतात, हेही पाहून घ्यावे. शिष्यवृत्तीच्या तारखा हुकतात त्या बहुतेक वेळा याच दाखल्यापायी.

शेजाऱ्यांची ओळख हाही नागरिकशास्त्राचाच भाग आहे. मंगरुळपीर या गावाच्या नावात पीर आहे. तिथे हयात कलंदर यांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थानही. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचे स्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय सुरू झाले, त्याची इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर पोहोचवणाऱ्या, फौजांनाही रसद पुरवणाऱ्या लोकांचा तो इतिहास. त्या तांड्यांतली मुले आपल्याच मुलांच्या शेजारी बाकावर बसतात.

पण पाठवायचे कसे?

एक अम्मी आम्हाला म्हणाल्या होत्या, 'मॅडम, बच्ची को इत्ते दूर कायको भेजना? दुनिया देखने को पूरी उमर पडी है उसकी.' त्यांचा राग नव्हता, काळजी होती. गाडी कधी येणार, बरोबर कोण असणार, नमाजचे काय, खाण्याचे काय, यातले काहीच चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. माहिती नसेल तर कोणतीही आई 'नाही' असेच लिहील.

म्हणून शाळांना आमचे सांगणे आहे. चिठ्ठीवर निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहा, शिक्षिकेचे नाव आणि फोन लिहा. नमाजची जागा आणि स्वच्छतागृह आधी जाऊन पाहून या. डबा घरचाच ठेवा, खर्चही वाचतो आणि खाण्याविषयी शंकाही राहत नाही. दर सहलीला दोन आयांना बरोबर घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि शालेय सहलीच्या गाडीलाही महामंडळ निम्म्या भाड्याची सवलत देते. शिक्षण विभागाची परवानगी घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले. ते नियम कागदापुरते नाहीत.

पालकांना एवढेच म्हणू, उमर पडलेली असते हे खरे, पण दहावी झाल्यावर मुलीला दाखल्यासाठी तहसीलला, प्रवेशासाठी वाशिमला आणि परीक्षेसाठी अकोल्याला जावेच लागते. त्या दिवशी ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत असेल तर घाबरते, आणि अनेकदा शिक्षण तिथेच थांबते. तेराव्या वर्षी शिक्षिकेचा हात धरून तीच खिडकी पाहिलेली असेल तर सोळाव्या वर्षी ती स्वतः रांगेत उभी राहते.

सहलीचा एक नियम आम्ही आमच्या वर्गांना घालून दिला आहे. एक सहल, एक विषय, एक प्रश्न. प्रश्न आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचा. तिथे काहीतरी मोजायचे किंवा कोणाला तरी विचारायचे आणि वहीत टिपायचे. परतल्यावर उत्तर आधी घरी सांगायचे, मग वर्गात. न गेलेल्या भावंडालाही त्यामुळे अर्धी सहल मिळते.

तेव्हा या हंगामात शाळेतून चिठ्ठी आली तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या पाठासाठी जाणार? बरोबर कोण असणार? परत किती वाजता? तिन्ही उत्तरे नीट मिळाली की सही करा, मुलाच्या चिठ्ठीवर आणि मुलीच्याही.